शंभर खोल्या आणि अडुसष्ट अंश

“थापाड्या, हलू नकोस! दगडावरनं उतरलास तर मी मेलो!”

तो एवढ्या जोरात ओरडला की गेटवरचा वॉचमन दंडुका घेऊन धावत वर आला. त्याला वाटलं, मॅनेजरच्या केबिनमध्ये खून पडतोय. येऊन बघतो तर आम्ही दोघं केमिस्ट, अनवाणी, एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे टेकलेले, एका कीबोर्डवर चार हात, आणि समोरच्या काळ्या पडद्यावर मुंगळ्याएवढे दोन हिरवे बाहुले. वॉचमन पडद्याजवळ वाकला. मग त्याने विचारलं, यातला मरतोय तो कोण? तर माझ्या मित्राने त्याला शेजारच्या स्टुलावर बसवून सगळा खेळ पहिल्यापासून समजावला. तेवढ्या वेळात कोणी आमचा अख्खा प्लांट खांद्यावर टाकून शीळफाट्यापर्यंत नेला असता तरी आम्हा तिघांना पत्ता लागला नसता.

अर्थात हे मी म्हणतो. तो म्हणाला असता, “नेला असता म्हणजे किती टनाचा? आकडा सांग.”

‘आकडा सांग’ हे त्याचं श्वास घेण्यासारखं होतं. प्लांटमध्ये सगळे त्याला मीटर म्हणायचे, आणि मीही इथे तेच म्हणतो. बाकीच्यांच्या खिशाला पेन असायचं, याच्या खिशाला काचेचा थर्मामीटर. कुणी नुसतं “काय उकडतंय” म्हटलं की हा खिशातून तो काढून भिंतीच्या सावलीत धरायचा, डोळे बारीक करायचा आणि सांगायचा, “चौतीस. काल पस्तीस होतं. काल बोलला नाहीस.” एका लग्नात याने जिलेबीच्या पाकात तो बुडवल्याचं मी स्वतः बघितलंय. आचारी झारा घेऊन मागे लागला, आणि हा पळता पळता त्याला सांगत होता की आणखी चार अंश लागतील.

डोंबिवलीच्या बाजारात एक कोळीण बसायची. तिला हा विचारायचा, बोंबील कधी निघाला पाण्यातून, किती वाजता, भरतीला की ओहोटीला. दोन-तीन वेळा तिने सांगितलं. चौथ्या वेळी सुरी बाजूला ठेवून म्हणाली, “तुला म्हावरा खावाचाय का त्याची पत्रिका मांडाचीय?” मीटरला राग नाही आला. त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, “दोन्ही.”

राहायचा शहाडला आणि एमआयडीसीत यायचा सायकलने, पॅडल मोजत. वाटेत कुणी हाक मारली तर थांबायचा नाही, नुसती मान हलवायचा, कारण आकडा चुकला असता. मी एकदा त्याच्या सायकलला मुद्दाम आडवा गेलो आणि मोठ्याने उलटे आकडे म्हणायला लागलो. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला लागला, कारण आदल्या दिवशीचे आकडे तो पुन्हा मोजून आला होता.

मी त्याच्या अगदी उलट. मला एक माणूस भेटला तर मी पन्नास सांगतो आणि पाय घसरला तर दरीत पडलो म्हणतो. म्हणून मी थापाड्या. आमची जोडी कशी जमली हे प्लांटमध्ये कुणालाच कळलं नाही. आम्हाला ठाऊक होतं. ती त्या खेळाने जमवली.

कंपनीत पहिला संगणक आला तेव्हा त्याला मॅनेजरच्या केबिनमध्ये देवासारखा बसवला. वर फुलाफुलांचं कापड, आणि आत जायचं तर चपला बाहेर, कारण त्याला धूळ चालत नाही असं सांगितलेलं. आमच्या कंपनीतून निघणारी पिवळी भुकटी अख्ख्या एमआयडीसीच्या फुप्फुसांना चालायची, त्याला तेवढी चालत नव्हती. दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरने कधीतरी त्यात एक खेळ भरून ठेवला. एक राजवाडा, शंभर खोल्या, दोन बाहुले. एकाला टोपी, दुसरा बोडका. एक दगडावर उभा राहिला की दुसऱ्याचं दार उघडतं. दुसऱ्याने आत जाऊन साखळी ओढली की पहिल्याला पूल मिळतो. एकट्याने पहिली खोलीसुद्धा पार होत नाही. आणि कुणी एका जागी पाच मिनिटांवर उभा राहिला, की कोपऱ्यातून एक जनावर येऊन त्याला खातं, आणि एक मेला की दुसराही गेला. ते उंदीर होतं की डुक्कर, त्या हिरव्या पडद्यावर शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी सगळी एमआयडीसी बंद. वीज नसायची. आमची एक केटल मात्र जनरेटरवर चालू ठेवावी लागे, आणि त्यावरच संगणकही चाले. केटल म्हणजे चहाची नव्हे, आत हत्ती उकडेल एवढी लोखंडी हंडी. तिच्यातला माल अडुसष्ट अंशांवर ठेवायचा. पंच्याहत्तर झाला की तो उकळून वर येतो. म्हणून शुक्रवारच्या सकाळपाळीला आम्ही दोघं, खाली बॉयलरवाला आणि गेटवर वॉचमन, बस. दर अर्ध्या तासाने लोखंडी जिना चढून केटलच्या डोक्यावरचा काटा बघायचा, लागेल तसा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि जिन्याखाली खिळ्याला लटकवलेल्या लॉगशीटवर आकडा लिहायचा. मधला वेळ मोकळा.

कुठलाही शहाणा माणूस किल्ली मिळवून गुपचूप खेळला असता. मीटरने मॅनेजरला रीतसर अर्ज केला. ‘शुक्रवारी दोन नोंदींच्या मधल्या वेळात संगणकावर खेळ खेळण्याची परवानगी मिळावी.’ मॅनेजरने न वाचता सही ठोकली, कारण ते सगळ्यावरच तशी ठोकायचे. मीटर तो कागद घडी घालून खिशात बाळगायचा, थर्मामीटरच्या शेजारी.

खेळताना तो बघण्यासारखा होता. बाहुल्याची पावलं मोजून त्याने प्रत्येक खोलीचा नकाशा आलेखाच्या कागदावर काढलेला. पुढे खड्डा आहे, उडी कितव्या पावलावर, जनावर कितव्या सेकंदाला, सगळं लिहिलेलं. आणि मी त्यातलं काहीएक न बघता उड्या मारायचो. गंमत म्हणजे त्याच्या मोजण्याने आम्ही अडकायचो आणि माझ्या आंधळ्या उडीने सुटायचो, किंवा मी खड्ड्यात जायचो आणि त्याचा कागद मला बाहेर काढायचा. एकदा एक खोली सुटल्यावर तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, “प्लांटमध्ये मी काटा बघतो, तू काटा बघतोस, कुणाचं कुणावाचून अडत नाही. इथे अडतं. मला हे आवडतं.” एवढं लांब आणि बिनआकड्याचं वाक्य त्याच्या तोंडून मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

त्याची बायको शुक्रवारच्या डब्यात माझ्यासाठी तीन पोळ्या जास्त घालायची. ‘थापाड्याच्या’ म्हणून वेगळ्या बांधलेल्या. कधी घरी गेलो तर तीही मला त्याच नावाने ओळखायची, पण तोंडावर मात्र ‘भाऊजी’.

नव्वदाव्या खोलीपर्यंत आम्ही काही महिन्यांत पोचलो. तिथे घोडं अडलं. खेळ फक्त दर दहा खोल्यांनी आपली जागा लक्षात ठेवायचा. म्हणजे नव्वद ते शंभर एका दमात. तेवढ्याला तासाच्या वर जायचा, आणि मधे दोनदा तरी घड्याळाचा काटा अर्ध्यावर यायचा. आला की हा उठलाच. माझा बाहुला दोरीला लोंबकळतोय, खाली खड्डा, समोर दार, याने दगडावर फक्त अजून दहा सेकंद थांबायचंय. हा म्हणणार, “वेळ झाली,” आणि जिन्याकडे. परत यायला त्याला आठ मिनिटं लागायची, कारण काटा स्थिर होईपर्यंत तो त्याच्यासमोर देवळात उभा राहावा तसा उभा राहायचा. तोवर दोन्ही बाहुले जनावराच्या पोटात. परत येऊन शांतपणे विचारणार, “कितव्या खोलीत मेलो?” आणि वहीत लिहिणार.

अकरा शुक्रवार असे गेले. हा आकडा माझा नाही, त्याचा आहे, म्हणून खरा धरा. मी त्याला हात जोडले, शिव्या दिल्या, बाप काढला. म्हटलं, अरे अर्ध्या तासात ती हंडी कुठे पळून जाते का? प्लांटमधले सगळे शेंबडे केमिस्ट चार-चार तासांचे आकडे आधीच भरून झोपतात. तो म्हणायचा, “ते त्यांचे आकडे. केटलचे नाहीत.”

ते खरंच होतं. आकडे आधीच भरून ठेवणं हा आमच्या धंद्यातला रिवाजच होता. त्यातही एक कला होती. सगळीकडे अडुसष्ट लिहिलं तर पकडले जाल. मधे एखादं सदुसष्ट, एखादं एकोणसत्तर, जणू केटल श्वास घेतेय. सांगायला लाज वाटते, पण या कलेत माझा हात धरणारा अख्ख्या एमआयडीसीत नव्हता. माझी खोटी शीट इतरांच्या खऱ्यापेक्षा जिवंत वाटायची.

बाराव्या शुक्रवारी मी म्हटलं, “आज तू उठू नकोस. मी पळत जातो, पळत येतो. पाच मिनिटांच्या आत. जनावर यायच्या आधी.” त्याने माझ्याकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाला, “काटा स्थिर होऊ दे. आणि आकडा मला येऊन सांग.”

साडेअकराला मी खरोखर गेलो. काटा बघितला, अडुसष्ट. लिहिला, धावत आलो. साडेपाच मिनिटं. बाहुले मेले. पुन्हा नव्वदपासून.

बाराला मी जिना चढलोच नाही. जिन्याखाली उभा राहून अडुसष्ट लिहिलं. आणि हात चालूच होता म्हणून पुढचंही लिहून टाकलं. साडेबारा, एक, दीड, दोन. सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, अडुसष्ट. मीटर सातच्या पोटात आडवी रेघ मारायचा. मीही मारली. शुक्रवारची शीट नेहमी तोच भरायचा, ती त्याच्याच हातची दिसली पाहिजे ना. केवढा आनंद झाला मला त्या रेघेचा, आजही आठवतो. तीन मिनिटांत परत केबिनमध्ये. “किती?” “अडुसष्ट.” दोन्ही बाहुले जिवंत.

साडेबाराला मी नळावर जाऊन पाणी प्यायलो आणि परत आलो. “सदुसष्ट.” त्याने मान हलवली. आम्ही शहाण्णवाव्या खोलीत होतो. इतक्या पुढे कधीच आलो नव्हतो. त्याच्या कपाळावर घाम, माझी बोटं आखडलेली. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. चार हात एका माणसाचे असावेत तसे चालत होते.

शंभराव्या खोलीत त्याने एकदम नाक वर केलं. “वास येतोय.”

मी म्हटलं, एमआयडीसीत कधी येत नाही?

तो अर्धा उठला. त्याच्या बाहुल्याखालचा दगड हलला, माझ्यासमोरचं दार मिटायला लागलं. “साडेबाराला किती होतं, नीट सांग.”

“सदुसष्ट.”

तो बसला.

या बसण्याचं मी काय करू, मला अजून कळत नाही. मी त्याला दम दिला असता, ओढून बसवला असता, तर तो गेला असता. पण मी त्याला आकडा दिला. आणि आयुष्यभर तो लोकांकडे तेवढंच मागत आला होता.

दोन मिनिटांनी दोन्ही बाहुले एकदम बाहेर पडले. राजवाडा नाहीसा झाला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. शाब्बास. पुन्हा खेळायचं? होय, नाही. एवढ्यासाठी आम्ही महिनोन्‌महिने मरत होतो. मीटर त्या ओळीकडे बघून लहान पोरासारखा हसला, माझ्या पाठीत थाप मारली, आणि त्याच वेळी खाली केटलने तोंड उघडलं.

पिवळा फेस छपरापर्यंत गेला. छपरावरून अंगणात, अंगणातून गटारात, आणि गटारातून जगात. पुढचे चार दिवस त्या भागातली कुत्री हळद लागलेल्या नवऱ्यासारखी फिरत होती. लोक हसत होते, मीही हसून सांगत होतो. पण त्या क्षणी, बॉयलरवाला गेटकडे धावत असताना आणि मी केबिनच्या दारात थिजलेला असताना, मीटर त्या फेसातून जिना चढून वर गेला आणि त्याने पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. दोन्ही तळहात सोलून निघाले. केटल फुटली नाही, माणूस मेला नाही. माल मात्र सगळा गेला.

खाली आल्यावर त्याने शीट बघितली. घड्याळात एकला पाच कमी होते. शीटवर दोन वाजेपर्यंतचं तापमान लिहिलेलं होतं, त्याच्या रेघेच्या सातासकट.

त्याने ती खिळ्यावरून काढून हातात घेतली. सोललेल्या हातांनी. मी म्हटलं, “फाड ती. आण, नवी भरू. माल अचानक चढला म्हणून सांगू, कुणाचा बाप सिद्ध करतोय?” त्याने शीट पुन्हा खिळ्याला लावली. सरळ केली. आणि हात धुवायला गेला.

शनिवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये चौकशी. चपला बाहेर, संगणकावर कापड. टेबलावर शीट. मॅनेजरांनी विचारलं, हे न झालेल्या वेळेचे आकडे तुम्ही लिहिलेत?

“नाही.”

“अक्षर तुमचं दिसतंय.”

“दिसतंय.”

“मग कोणी लिहिलं?”

मीटर मॅनेजरांकडे बघत म्हणाला, “ज्याने लिहिलं तो सांगेल.”

आणि मग त्याने वाट बघितली. मी तिथे त्याच्या शेजारीच उभा होतो, हातभर अंतरावर. मी अजून कायम झालेलो नव्हतो. मुलीकडचे म्हणत होते, नोकरी पक्की झाली की तारीख धरू. हे सगळं माझ्या डोक्यात होतं असं मी पुढे अनेकांना सांगितलं. खरं म्हणजे डोक्यात काहीच नव्हतं. मी खिडकीतून समोरच्या कंपनीची चिमणी बघत होतो आणि ती किती उंच असेल याचा अंदाज करत होतो. मला आयुष्यात पहिल्यांदाच काही मोजावंसं वाटलं.

ज्याने लिहिलं तो बोलला नाही. खोट्या नोंदी केल्या म्हणून मीटरला काढलं. लोक म्हणाले, एवढा हरिश्चंद्र, तोही तसलाच निघाला. चहाच्या टपरीवर याचीच चर्चा, आणि सगळ्यांना त्यातून फार बरं वाटत होतं. मलाही म्हणाले, तुझा दोस्त रे. मी म्हटलं, हो ना.

तो इतर कंपन्यांत मुलाखतींना जायचा. तिथे विचारत, आधीची नोकरी का सुटली. दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं, लांब पडत होती. हा सांगायचा, खोट्या नोंदींबद्दल काढलं. तुम्ही केल्या होत्या? नाही. मग कोणी? यावर तो गप्प. एका कंपनीतल्या माझ्या ओळखीच्या माणसाने मला हे हसत हसत सांगितलं, आणि त्याच्याबरोबर मीही हसलो. शेवटी कळलं की तो शीळफाट्याजवळ ट्रकच्या वजनकाट्यावर बसतो. ड्रायव्हर त्याला शिव्या घालतात, कारण तो एक किलो इकडचा तिकडे करत नाही. मी त्या बाजूने जाताना बसच्या दुसऱ्या बाजूला बसायचो.

मला त्याचा रागही आलेला. खोटं कशाला बोलू. एक नाव घेतलं असतं तर दोघांचं काय ते मिटलं असतं. मला शिक्षा झाली असती, चार दिवस बोंब झाली असती, मी त्यावर एक झकास गोष्ट रचली असती. त्याने ते काम माझ्यावर सोडलं, आणि ज्याच्यावर सोडलं त्याचा त्याला अंदाज नव्हता. एवढं मोजणारा माणूस. माझंच माप कसं चुकला.

मी कायम झालो. लग्न ठरलं. पुढे त्याच केटलचा इनचार्ज झालो. नवीन पोरांना मी सांगतो, दर अर्ध्या तासाने स्वतः चढून काटा बघायचा. ती माना हलवतात आणि खाली उभं राहून आकडे लिहितात. माझ्यासमोर शीट येते. ही खोटी आहे हे मला अक्षर बघून कळतं. मी सही करतो.

लग्नाआधी एका रविवारी दुपारी मी शहाडला त्याच्या घरी गेलो. हातात पत्रिका, आणि डोक्यात माफीची सात-आठ भाषणं, प्रत्येकात माझा गुन्हा आधीपेक्षा थोडा लहान. दार त्याच्या बायकोने उघडलं. ‘भाऊजी’ म्हणाली नाही. आतून ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला. तो घरात होता.

सगळी भाषणं विसरलो. चपलाही काढल्या नाहीत. म्हटलं, “वहिनी, त्याला एवढंच सांगा. ते आकडे मी लिहिले होते.”

ती आत गेली. काही बोलणं झालं, हळू, मला ऐकू न येईल असं. मग ती परत आली, दाराला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली,

“त्यांना माहीत आहे म्हणाले. मॅनेजरना माहीत नाही.”